हेलसिंग : जुनी बघायची की अल्टिमेट?

हेलसिंग म्हणजे व्हॅम्पायरची गोष्ट. मूळ मंगा (जपानी कॉमिक) एकच, कोता हिरानोची. त्यावरच्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) मात्र दोन. २००१ ची १३ भागांची मालिका आली तेव्हा मंगा अर्धवटच होती. म्हणून उत्तरार्धात इन्कॉग्निटो नावाचा नवा खलनायक घुसवला आणि तिथेच कथेतला दम गेला. पण यासुशी इशीचं संगीत आणि तो संथ, काळोखा मूड! अंगावर काटा येतो तो इथेच.

‘अल्टिमेट’ (२००६ ते २०१२, १० भाग) मंगाला धरून चालते. चौथ्या भागात नायक, व्हॅम्पायर अलुकार्ड, पेटलेलं विमान सरळ विमानवाहू जहाजावर आदळतो, तेव्हा माझा चहा हातातच गार झाला. रक्तपात मात्र अति, आणि ऐन रंगात येणारे कार्टूनछाप विनोदी चेहरे रसभंग करतात. एकच बघणार असाल तर अल्टिमेटच घ्या. जुनी लावलीत तर सुरुवातीचं गाणं तेवढं वगळू नका.