पानं गळालेल्या काड्या आणि सोनेरी फोटो

संक्रांतीच्या आठवड्यात इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात एक जण टेम्पोतून झाडं विकायला आला. हातात लॅमिनेट केलेला फोटो: दोन-अडीच फुटांचं गोल झुडूप, शेंडे तांबूस, खालची पानं सोनेरी, वर गुलाबी फुलांचे झुबके. स्पायरिया! मसुरीला पाहिल्यापासून हे झुडूप माझ्या मनात होतं.

टेम्पोत मात्र नुसत्या काड्या, बुडाशी गोणपाटात बांधलेला मातीचा गोळा. पानं कुठे, विचारलं तर म्हणाला, "आंटीजी, ठंड में सोया है, होली तक जाग जाएगा." हे खरंच आहे. स्पायरिया थंडीत पानं टाकतो, थंडी सरली की तांबूस पालवी फुटते. त्या खऱ्या गोष्टीच्या आड त्यानं खोटा माल विकला. मी नखानं साल खरवडली, आत हिरवी, म्हणजे जिवंत. एकाचे ६५० रुपये रोख. मी तीन घेतली, शेजारच्या काकूंनी माझ्या भरवशावर दोन. त्या दोनांचंच मला जास्त लागलं.

रंगपंचमीपर्यंत माझ्या दोन काड्या वाळल्या. गोळा बादलीत भिजवला तर आत एक मूळ नाही. तिरपी छाटलेली फांदी, भोवती शेवाळ, त्यावर दोऱ्याचे वेढे. ताजी तोडलेली फांदीही नखाला हिरवीच लागते, हे तेव्हा कळलं.

तिसरी फुटली. पिवळीधमक पानं पाहून मला केवढा आनंद झाला होता! उद्यानविद्या शिकणारी भाची आली आणि बघताच म्हणाली, "मावशी, हा तर ड्युरांटा!" कुंपणाला लावतात तोच, नर्सरीत वीस-पंचवीस रुपयांना मिळणारा. ड्युरांटाची पानं पेरावर समोरासमोर येतात, स्पायरियाची एकाआड एक. पानं गळाली तरी कोंबांचे डोळे त्याच जागी असतात, म्हणजे जानेवारीतल्या त्या उघड्या काडीवरही हे दिसत होतं.

शिवाय स्पायरिया मुळात जपान, चीन, कोरियाकडचा. त्याला कडक हिवाळा लागतो. इंदूरच्या मे महिन्यातलं चाळीस अंशांचं ऊन आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी आपली काळी माती त्याला सोसणारी नाही. खरं रोप मिळालं असतं तरी मी त्याला जगवू शकले नसते, असंच आता वाटतं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करावा तर सांगणार काय? ना बिल, ना नाव, ना गाडीचा नंबर. काकूंना त्यांचे १३०० रुपये द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत.

यंदा थंडी पडताच सुदामा नगरातून वहिनींचा फोन आला, दारात टेम्पो उभा आहे, फोटो अगदी तू सांगितलास तसाच. मी म्हटलं, पैसे देऊ नका, आधी त्याच्यासमोर गोणपाट सोडा आणि गोळा पाण्यात बुडवा. वहिनी बादली घेऊन बाहेर येईपर्यंत टेम्पो निघून गेला होता.