दुसरीचा वर्ग: कार्यपत्रिका, व्हिडिओ की काड्यांचे गठ्ठे?

विदर्भातल्या खेड्यात दुसरीला स्वतंत्र शिक्षक मिळेलच असे धरून चालता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत एकाच गुरुजींच्या किंवा मॅडमच्या हाती असणे हे नित्याचे आहे. असा वर्ग नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षकापुढे साधारण तीन वाटा असतात: छापील कार्यपत्रिका, टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवायचे व्हिडिओ, आणि हाताळायच्या वस्तूंसह मुलांच्या बोलण्यातून फळ्यावर उतरणारा मजकूर. या तिन्हींना मी एकच प्रश्न आधी विचारतो: शिक्षक पहिलीकडे वळले की दुसरीतले मूल काय करीत राहते?

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेरची अपेक्षा स्पष्ट आहे: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे व लिहिणे, आणि ९९ पर्यंतची वजाबाकी करणे. ही वजाबाकीच सर्वांत जास्त अडते.

४२ मधून १७ वजा करायला सांगितले की अनेक मुले ३५ लिहितात, कारण ती लहान अंक मोठ्या अंकातून काढून मोकळी होतात. कार्यपत्रिकेत हे उत्तर चुकले एवढेच कळते. तेच गणित तुराटीच्या काड्यांनी मांडले, म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्यांनी बांधलेले दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून सतरा काड्या मागितल्या, तर एक गठ्ठा दिल्यावर मूल सात सुट्यांसाठी थबकते, दोनच आहेत हे पाहते, आणि थोड्या वेळाने स्वतःच दुसरा गठ्ठा सोडते. हातात उरलेल्या पंचवीस काड्या ते मोजून दाखवते तेव्हा हातचा म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘चाळीस दोन’ असे संख्यावाचन आणले त्या वेळी बराच वाद झाला होता. गठ्ठे समोर असतील तर ‘चाळीस दोन’ आणि ‘बेचाळीस’ दोन्ही म्हणवून घ्यावेत, कारण ‘बेचाळीस’ ऐकून २४ लिहिणारे मूल त्यामुळेच सावरते.

वाचनाच्या बाबतीत व्हिडिओचा मोह मोठा असतो. मुले शांत बसतात, उच्चार स्वच्छ ऐकू येतात, आणि ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांना तो दाखवता येतो. मात्र वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, आणि तो असला तरी त्या वेळात मूल स्वतः एक वाक्यही बोलत नाही. पाच मिनिटे दाखवून थांबावे आणि पुढे काय होईल ते मुलांना विचारावे, एवढाच त्याचा वापर मला योग्य वाटतो. त्याऐवजी एखाद्या मुलीने सांगितलेले ‘आमच्या गाईले गोऱ्हा झाला’ हे वाक्य तसेच फळ्यावर लिहावे, सर्वांकडून वाचून घ्यावे, आणि शेजारी ‘गाईला’ लिहून पुस्तकातले रूप दाखवावे. स्वतःचे बोलणे लिहिलेले दिसले की अडखळणारे मूलही ते वाचायला पुढे येते. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकाची मराठी फार दूरची नसते. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी मुलासाठी मात्र ती वेगळीच भाषा असते, म्हणून तिथे गावातल्या एखाद्या बाईला किंवा चौथीतल्या मुलाला जोडीला घेऊन आधी मुलांच्या भाषेत गोष्ट होऊ द्यावी.

हाताळायच्या साहित्याचे कष्टही कमी नाहीत. काड्या हरवतात, गलका होतो, पहिलीचे लक्ष उडते, आणि साहित्य काढून पुन्हा जागेवर ठेवण्याची सवय मुलांना लागेपर्यंत शिक्षकाची दमछाक होते. शिक्षक पहिलीला शिकवीत असताना दुसरीला पंधरा मिनिटे शांत काम हवे असते, आणि तिथे कार्यपत्रिका खरोखर उपयोगी पडते. मात्र तिच्यावर काड्यांनी आधी सोडवलेलीच उदाहरणे असावीत आणि मुलांनी ती जोडीने तपासावीत. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबापाबरोबर शेतात गेलेले मूल परत येते तेव्हा कार्यपत्रिकांचा क्रम तुटलेला असतो. गठ्ठ्यांशी मात्र ते पहिल्याच दिवशी इतरांबरोबर बसू शकते.

म्हणून शाळा जूनअखेर उघडल्यावर पहिले पंधरा दिवस कार्यपत्रिकांच्या छायाप्रती काढूच नयेत. मुलांकडूनच काड्या आणि चिंचोके आणवून प्रत्येक जोडीची एक पिशवी तयार करावी, रोज फळ्यावर मुलांची तीन-चार वाक्ये उतरवून घ्यावीत, आणि कोणते मूल कुठे अडते हे कळल्यानंतरच कोणासाठी कोणती कार्यपत्रिका छापायची ते ठरवावे.