आर आणि जीजीप्लॉट२ वापरून छापील अहवालांचे तक्ते व आकृत्या : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या संस्थेचे जिल्हानिहाय अहवाल वर्षातून दोन-तीनदा छापले जातात. आकडे एक्सेलमध्ये भरायचे, आलेखही तिथेच काढायचे, ते चित्र म्हणून वर्डमध्ये चिकटवायचे आणि वर्डची फाइल अक्षरजुळणीसाठी पाठवायची, अशी आमची अनेक वर्षांची पद्धत होती. शेवटच्या प्रुफावर एखादा आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेली बेरीज, टक्केवारी, आलेख आणि मजकुरातले वाक्य अशा चार ठिकाणी हाताने दुरुस्ती करावी लागे. तीन ठिकाणी ती होई आणि चौथे ठिकाण राहून जाई. मागच्या अहवालात असे चौथे ठिकाण तसेच छापले गेले आणि शुद्धिपत्र चिकटवण्याची वेळ आली, तेव्हा ही पद्धत सोडायची असे ठरले. त्यानंतरचे दहा महिने आणि दोन छापील अहवाल मी आर ही संगणकभाषा, तिच्यातील जीजीप्लॉट२ हे आलेखांचे पॅकेज आणि तक्त्यांसाठीची जीटी व फ्लेक्सटेबल ही पॅकेजे यांवर काम केले.

ही सर्व साधने मोफत आहेत. आर ही न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेली भाषा, तर जीजीप्लॉट२ हे हॅडली विकम यांचे २००७ पासूनचे काम. त्यामागची कल्पना अशी, की ‘स्तंभालेख’ किंवा ‘रेषालेख’ असा तयार साचा निवडण्याऐवजी कोणता रकाना आडव्या अक्षावर, कोणता उभ्या अक्षावर, कोणता रंगावर हे आपण सांगायचे आणि आलेख त्यातून सिद्ध व्हायचा. ही विचारसरणी अंगवळणी पडायला मला जवळजवळ दोन महिने लागले. त्या काळात एक्सेलमध्ये दहा मिनिटांत झाला असता असा आलेख काढायला मी अर्धा दिवस घालवला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मात्र सर्वाधिक वेळ गेला तो देवनागरीवर. पहिला आलेख पीएनजी स्वरूपात जतन केला आणि जिल्ह्यांची नावे निर्दोष उमटली, म्हणून मी निर्धास्त झालो. छपाईसाठी तोच आलेख पीडीएफ स्वरूपात काढला, तर नावांच्या जागी नुसते ठिपके. कारण असे, की जतन करण्याची आज्ञा एकच असली तरी चित्र रेखाटणारी यंत्रणा स्वरूपागणिक बदलते. रॅग हे पॅकेज संगणकावर असले, तर पीएनजीचे काम त्याच्याकडे जाते आणि त्याला जोडाक्षरांची जुळणी कळते. पीडीएफचे काम मात्र आरच्या मूळच्या जुन्या यंत्रणेकडे जाते आणि तिला युनिकोड देवनागरी उमगत नाही. माझ्या संगणकावरील उबुंटू या लिनक्स प्रणालीत कैरो पीडीएफ ही दुसरी यंत्रणा नाव घेऊन मागितली, की काम होते. मध्यंतरी शोटेक्स्ट हे पॅकेजही वापरून पाहिले. ते अक्षरे एकेक करून मांडते, त्यामुळे ‘सिंधुदुर्ग’मधली पहिली वेलांटी ‘स’च्या मागे जाऊन बसली आणि रफार सुटा होऊन हलन्त ‘र्’ झाला. लॅटिन लिपीसाठी ते चांगले असेलही, मराठीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. दोन वेगवेगळ्या कार्यालयांकडून आलेले तक्ते जोडताना ‘शेतकऱ्यांची संख्या’ हा मथळा दोन्हीकडे डोळ्यांना हुबेहूब सारखा दिसत असूनही जोडणी होईना. ‘ऱ्य’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असे, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे सांधणारे चिन्ह असे. माणसाला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. आता कोणतीही फाइल आली, की प्रथम दुसऱ्या प्रकारचे लेखन पहिल्यात बदलणारी एक ओळ मी चालवतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असल्याने टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घेतला. त्यात ही वळणे मुळातच आहेत, वेगळी सोय करावी लागत नाही.

आकड्यांचे लेखन त्या मानाने लवकर मार्गी लागले. काहीच सांगितले नाही तर मोठ्या संख्या अक्षावर ‘४e+०६’ अशा धाटणीच्या, अर्थातच इंग्रजी अंकांत, उमटतात. आमच्या संपादकबाईंनी ते पाहून ‘हा कोणत्या औषधाचा बॅच नंबर?’ असे विचारले होते. लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देणारे आणि अंक देवनागरीत बदलणारे सात-आठ ओळींचे एक सूत्र मी लिहून ठेवले आहे आणि ते प्रत्येक आलेखाला लावतो. जीटीमध्ये मात्र भारतीय गटवारीची सोय अंगभूतच आहे. तक्ता बनवताना तेवढा पर्याय निवडला, की ११२३७४३३३ ही २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ अशी दिसते.

पूर्णांकनाने मात्र आम्हाला चांगलेच गोंधळात पाडले. जुन्या अहवालात ६३ टक्के असलेला आकडा नव्या तक्त्यात ६२ आला आणि दोन दिवस आम्ही मूळ नोंदीत चूक शोधत राहिलो. आठांपैकी पाच म्हणजे ६२.५. बरोबर अर्धा उरला, की एक्सेल वरच्या संख्येकडे जाते आणि आर जवळच्या सम संख्येकडे. शेकडो आकड्यांच्या बेरजेत आरची पद्धत अधिक न्याय्य ठरते, हे मला मान्य आहे. तरीही आपल्याकडचा वाचक शाळेत वरच्या संख्येकडे जायला शिकलेला असतो आणि तो गणकयंत्रावर पडताळा घेतो. जॅनिटर या पॅकेजातले ‘राउंड हाफ अप’ वापरून मी शाळेची रीत पाळली आणि तशी तळटीप दिली.

या साधनांचे खरे मोल मला पालघरमुळे कळले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. आमच्या पहिल्या मसुद्यात ठाण्यापुढे जनगणनेतला १,१०,६०,१४८ हा आकडा होता आणि पालघरची ओळ रिकामी होती. रिकामी ओळ म्हणजे माहिती उपलब्ध नाही, असा वाचकाचा समज झाला असता आणि तो चुकीचा ठरला असता, कारण माहिती होती, ती ठाण्याच्या पोटात होती. पालघरमधील आठ तालुक्यांची बेरीज २९,९०,११६ भरते आणि ठाण्याकडे ८०,७०,०३२ उरतात. हा बदल मी तालुक्यांच्या मूळ फाइलीत एका रकान्यात केला आणि सर्व पुन्हा चालवले. चार तक्ते, सहा आलेख, क्रमवारी, आणि ‘सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा सिंधुदुर्गच्या तेरापट आहे’ हे वाक्यसुद्धा एकदम बदलले. वाक्य बदलते, कारण त्यातला आकडाही मजकुरात हाताने लिहिलेला नसून हिशेबातूनच येतो. पहिला क्रमांक ठाण्याकडून पुण्याकडे गेला आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ असल्याने तेरापटीचे अकरापट झाले. जुन्या पद्धतीत हे काम आठवडाभर चालले असते आणि शेवटी एखादे ‘तेरापट’ कुठेतरी उरलेच असते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर हे बदलही असेच एका जागी केले. फक्त ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव उभ्या स्तंभाखाली मावेना, म्हणून सर्व स्तंभ आडवे केले. ते आधीच करायला हवे होते, कारण ३६ नावे मान वाकडी करून वाचायला लावणे हा वाचकाचा छळ आहे.

आकाराबद्दल एक सूचना आवर्जून करतो. आकृती ज्या मापात छापली जाणार त्याच मापात काढावी. आमचे पुस्तक एक अष्टमांश डेमी आकाराचे, मजकुराची रुंदी १०५ मिलिमीटर. मी सुरुवातीला पडद्यावर छान दिसेल अशी मोठी आकृती काढून ती मांडणीत आक्रसून बसवत असे, आणि अकरा पॉइंटचे अक्षर छापून येताना पाच-सहा पॉइंटचे होई. आता जतन करतानाच रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, म्हणजे आठ पॉइंट म्हटले की कागदावर आठच पॉइंट येतात. यात एक विचित्र खोच आहे : अक्षांवरील अक्षरांचे माप पॉइंटमध्ये सांगायचे असते, पण स्तंभांवर लिहिलेल्या आकड्यांचे माप मूळ रचनेत मिलिमीटरमध्ये असते. तिथे ८ लिहिले तर जवळजवळ २३ पॉइंटचा आकडा उमटतो.

छपाई एकरंगी असल्याने रंगांचा प्रश्न करड्या छटांपुरताच होता. पडद्यावर सहा छटा ओळखू येतात, कागदावर तीन, फार तर चार. त्यापुढे मी छटा सोडून देतो आणि नावे रेषेच्या टोकाशीच लिहितो.

तक्त्यांबाबत माझे मत संमिश्र आहे. जीटीची रचना सुरेख आहे, पण अक्षरजुळणीकाराला वर्डची फाइल हवी असते आणि त्यासाठी मला फ्लेक्सटेबल अधिक भरवशाचे वाटले. त्यात फॉन्टचे नाव देऊनही मराठी मजकूर वर्डमध्ये भलत्याच फॉन्टमध्ये उघडतो, कारण वर्ड देवनागरीसारख्या लिप्यांसाठी फॉन्टची वेगळी नोंद ठेवते आणि ती वेगळी भरावी लागते. शिवाय जुळणी अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत असेल, तर रूपांतरात ‘ऱ्या’ हमखास बिघडतो. म्हणून पहिल्या अहवालानंतर आम्ही तक्तेही पीडीएफ आकृती म्हणूनच देऊ लागलो. त्यात मुद्रितशोधकाला प्रुफावर थेट दुरुस्ती करता येत नाही, ती खूण करून माझ्याकडे परत येते, यावर कार्यालयात अजून कुरकुर आहे. माझ्या दृष्टीने हीच या व्यवस्थेची जमेची बाजू, कारण दुरुस्ती मूळ फाइलीतच होते.

वर्षातून एखादाच अहवाल आणि त्यात चार तक्ते एवढेच काम असेल, तर हा खटाटोप मी सुचवणार नाही. एक्सेल किंवा लिबरऑफिसमधले तसेच कॅल्क पुरते. आमच्याकडेही जमाखर्चाचा एक पानी तक्ता लेखापालकाका अजून कॅल्कमध्येच करतात, आणि तो मी आरमध्ये आणण्याचा विषय काढलेला नाही.