डायनॅमो हब आणि त्यावरचा दिवा: काही महिन्यांच्या वापरानंतर

लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी डायनॅमो हब, म्हणजे फिरता फिरता वीज तयार करणारा पुढच्या चाकाचा मधला भाग, घ्यावा का? दिव्यासाठी घेणार असाल तर जरूर घ्या. मोबाइल चार्ज होतो तो वरचा फायदा. निव्वळ चार्जिंगसाठी घेणार असाल तर चांगली पॉवरबँक जास्त सोयीची पडेल. असं का, ते खाली सविस्तर लिहितो.

जोडणी अशी आहे: ७००×३२ टायर, ३२ स्पोकचं पुढचं चाक, डिस्क ब्रेक, ६ व्होल्ट ३ वॅटचा हब, फोर्कच्या क्राउनवर (पुढच्या चाकाच्या वर फोर्कचे दोन्ही पाय जुळतात तिथे) एलईडी दिवा, त्या दिव्यातूनच वायर काढून मागचा लाल दिवा आणि हँडलबारच्या बॅगेत यूएसबी चार्जर. वापर मुख्यतः ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, आणि त्यांचा सराव यासाठी. ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते, म्हणजे ४०० पासून पुढे रात्र टळत नाही. अंधार पडल्यावर सायकलला घट्ट बसवलेले पुढचे-मागचे दिवे चालू हवेतच, हा नियम आहे. बॅटरीवरचा दिवा पूर्ण प्रकाशावर बहुधा दोन-तीन तासांत मान टाकतो. म्हणून लोक तो मंद ठेवतात आणि उतारावर नाइलाजाने ब्रेक दाबत राहतात. डायनॅमोवर हा हिशेबच उरत नाही, आणि त्याच्यासाठी एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

'पायाला जड जातं का?' हा प्रश्न सगळे विचारतात. हब हातात घेऊन आस फिरवला तर चुंबकामुळे तो अडखळत फिरतो आणि खरेदी करणारा घाबरतो. रस्त्यावर ते अडखळणं जाणवत नाही, कारण चुंबक जेवढा मागे ओढतो जवळपास तेवढाच पुढच्या क्षणी ढकलतो. दिवा बंद असताना ओढ एखाद्या वॅटच्या आसपास असते. दिवा चालू असताना ३ वॅट वीज मिळवायला पायाकडून साधारण ५ ते ६ वॅट जातात. सायकल, सामान आणि स्वार मिळून ९० किलो आणि वेग ताशी २२ किलोमीटर धरला, तर ही ओढ दर किलोमीटरला सुमारे १ मीटर जास्त चढाई केल्याइतकी होते. रात्रभरात १५० किलोमीटर झाले तर दीडशे मीटर. फुकट नाही, पण परवडणारं आहे. वजन साध्या हबपेक्षा साधारण ३०० ग्रॅम जास्त.

वेग वाढला की प्रकाश वाढतच जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. वेगाबरोबर विजेची वारंवारता वाढते, तशी हबमधल्या कॉइलचा अडथळाही वाढतो. त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास अडकून राहतो. १५-१६ च्या वेगाला दिवा जवळपास पूर्ण पेटतो, त्यापुढे फरक थोडाच. खरी अडचण चढावर येते. २८ पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) हबमधून चाकाच्या एका फेरीत विजेची १४ आवर्तनं निघतात. ताशी ५ किलोमीटरला ती सेकंदाला ९ च भरतात, आणि प्रकाश डोळ्याला लुकलुकताना दिसतो. खड्ड्यांच्या चढावर हे त्रासदायक होतं. हेल्मेटवर एक छोटा बॅटरीचा दिवा ठेवला की प्रश्न मिटतो. वळणाच्या आत बघायला, पाट्या वाचायला आणि पंक्चर काढायलाही तोच लागतो. थांबल्यावर दिव्यातल्या कपॅसिटरवर (थोडी वीज साठवणाऱ्या भागावर) काही मिनिटं मंद उजेड राहतो. सिग्नलला तेवढा पुरतो, ट्यूब बदलायला नाही.

दिव्याचा कोन नीट लावणं फार महत्त्वाचं. जर्मन नियमांप्रमाणे बनवलेल्या दिव्यांच्या झोताला वरून सरळ कापलेली कड असते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. हा दिवा उलटा टांगला तर ती कड खाली जाते आणि सगळा उजेड वर. हँडलबारखाली टांगायचा असेल तर तशा बसवणीसाठी बनवलेलाच दिवा घ्या. कोन लावताना सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. जमिनीपासून दिव्याची उंची ८० सेंटीमीटर असेल, तर झोताची वरची कड भिंतीवर ७० वर पडली पाहिजे. मग झोत ४० मीटरवर रस्त्याला टेकतो. हे काम बॅगा भरून आणि कोणाला तरी सायकलवर बसवून करा, कारण मागे वजन आलं की पुढचा दिवा वर बघायला लागतो.

आता वायरिंग. डायनॅमोबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात, हब बिचारा चालूच असतो. तांब्याच्या तारा तुटतात त्या टर्मिनलच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) अगदी तोंडाशी, जिथे दाबलेला भाग संपतो आणि वायर हलायला लागते. कंपनाने एकेक तार तुटत जाते. बाहेरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आणि दिवा फक्त खडबडीत रस्त्यावर बंद-चालू होतो. उपाय साधा: टर्मिनल दाबल्यावर त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि पहिला झिप टाय हबपासून चार-पाच सेंटीमीटरवर फोर्कलाच बांधा. क्राउनजवळ वायरला थोडी ढील ठेवा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाता कामा नये. चपटी टर्मिनल २.८ आणि ४.८ मिलिमीटर अशा दोन रुंदीची मिळतात, मोजून घ्या. पावसाळ्याआधी त्यांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं तर हिरवा गंज चढत नाही.

काही हबमध्ये एक टोक आसाला, म्हणजेच फ्रेमला जोडलेलं असतं. दिव्याचंही एक टोक त्याच्या पट्टीला जोडलेलं असलं आणि दोन वायरी उलट लागल्या, तर धातूच्या फोर्कमधून शॉर्ट होतो आणि दिवा पेटतच नाही. अशा वेळी हबला दोष देण्याआधी वायरी अदलाबदल करून बघा. मागचा दिवा थेट हबला जोडू नका. तो पुढच्या दिव्यातून येणाऱ्या सहा व्होल्टसाठी असतो. भार नसलेल्या हबचं व्होल्टेज उतारावर बरंच चढतं आणि एलईडी जळतो. मल्टिमीटर असेल तर एसी २० व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा. काही व्होल्ट दिसले तर हब ठीक, बिघाड पुढे शोधा. हबचा आस उघडायच्या फंदात पडू नका, आतली वायर तुटते.

चार्जिंगचं गणित असं: दिवसा २० च्या वेगाने अडीच वॅटच्या आसपास मिळतात, त्यातले थोडे रूपांतरात जातात. दहा तासांत एक मोबाइल पूर्ण आणि वर थोडं, एवढाच पल्ला. फोन सरळ चार्जरला लावलात तर प्रत्येक चढावर चार्जिंग तुटतं, पुन्हा जोडलं जातं, दर वेळी स्क्रीन पेटते आणि बॅटरी भरण्याऐवजी उतरते. म्हणून मध्ये पॉवरबँक हवीच. ती एकाच वेळी भरणारी आणि देणारी हवी, आणि वीज तुटून परत आली की बटण न दाबता भरू लागणारी. १०,००० एमएएचची बँक रिकामी असेल तर दिवसभरात भरणार नाही, घरूनच भरून निघा. दिवा आणि चार्जर एकत्र चालवू नका, अर्ध्या अँपिअरच्या दोन वाटण्या झाल्या की दोन्ही अर्धवट राहतात. चार्जरला वेगळा स्विच लावा आणि अंधार पडला की तो बंद करा.

पंक्चर झालं की चाक काढण्याआधी हबची जोडणी सोडायची, हे झोपेत असतानाही हाताला लागलेलं हवं. चाक परत बसवताना जोडणीची बाजू तपासा, बहुतेक हबवर ती उजवीकडे येते. फोर्कचा आस आणि जुन्या रिमची भोकं हब मागवण्याआधी जुळवा. स्पोक मात्र नवेच लागतील, कारण डायनॅमोची फ्लँज (स्पोक अडकतात ती कड) मोठी असते आणि जुने लांब पडतात.

बॅगेत दोन जादा टर्मिनल, हातभर वायर, चिकटपट्टी आणि एक बॅटरीचा पांढरा दिवा ठेवा. यातलं काही कमी करायचं झालं तर वायर काढा, दिवा काढू नका.