आमच्या रूटवर नवीन ठेकेदाराची बस: गाडी झकास, पण जुने ड्रायव्हर परत आणा

मुंबईत पूर्व उपनगरात राहते. स्टेशन ते आमची म्हाडा कॉलनी असा बेस्टचा छोटा रूट आहे, नंबर मुद्दाम टाकत नाहीये कारण सध्या कितीतरी रूटवर हेच चाललंय. आधीच्या ठेकेदाराच्या छोट्या मिडी बस होत्या, त्या बंद झाल्या आणि आता दुसऱ्या ठेकेदाराच्या लांब इलेक्ट्रिक एसी बस आल्यात. मी रोज ऑफिसला याच बसने जाते आणि सासूबाईंना फिजिओथेरपीला पण याच बसने नेते, त्यामुळे दोघींच्या अनुभवावरून लिहितेय.

आधी गाडीबद्दल, कारण गाडी खरंच सुरेख आहे. लो फ्लोअर आहे, दारात पायऱ्याच नाहीत, आणि ड्रायव्हरने स्टॉपला बटण दाबून बस डावीकडे झुकवली की फुटपाथवरून सरळ आत पाऊल टाकता येतं. जुन्या मिडीच्या पायऱ्या एवढ्या उंच होत्या की सासूबाई दांडा धरून आधी एक पाय वर घ्यायच्या मग दुसरा, आणि मागून लोक "चला चला, आत सरका" करत असायचे, त्या घाबरूनच जायच्या. आता एकट्या चढतात. इंजिनाचा खडखडाट नाही, जुन्या गाडीत पुढे बसलं की पायाला धग लागायची ती नाही. व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे. जुन्यात एसी नावाला होता, भर मे महिन्यात काचा बंद आणि वरून गरम वारा, शेवटी शेवटी तर पुलाच्या चढावर गाडी बंद पडणं रोजचंच झालं होतं. एसीचं कमीत कमी तिकीट १२ रुपये आहे. ९ मे २०२५ ला भाडं डबल झालं, त्याआधी ६ होतं. १२ रुपयांत अशी गाडी मिळत असेल तर माझी काहीच तक्रार नाही, शेअर रिक्षावाला याहून जास्त घेतो आणि वर चौथा माणूस कोंबतो.

लांबीचा मात्र प्रॉब्लेम आहे. १२ मीटरची गाडी मार्केटच्या कोपऱ्यावर वळतच नाही, त्यामुळे मार्केटचा स्टॉप गेला आणि भाजीच्या पिशव्या घेऊन मेन रोडपर्यंत चालत यावं लागतं. दुपारी गाड्या चार्जिंगला डेपोत जातात, तेव्हा दोन बसमधलं अंतर खूप वाढतं. सकाळी फ्रिक्वेन्सी चांगली आहे, आधीपेक्षा बरीच चांगली.

आता खरं ज्यासाठी लिहायला घेतलं ते. गाड्यांबरोबर ड्रायव्हरही बदलले, सगळेच. बरेच लोक मला म्हणाले की कंडक्टर तर तोच आहे ना, मग काय बिघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, याला वेट लीज म्हणतात. बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, मेंटेनन्स त्याचा, आणि रूट, टाइमटेबल, तिकिटाचे पैसे बेस्टचे. ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. म्हणजे ड्रायव्हर लाल बस चालवतो, लोक त्याला बेस्टवाला म्हणतात, पण तो बेस्टचा कामगार नसतो, आणि ठेकेदार गेला की त्याची नोकरी पण गेली.

आमच्या जुन्या ड्रायव्हरांना कॉलनीतलं सगळं माहीत होतं. शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर हळू घ्यायचं, मशिदीजवळच्या वळणावर शुक्रवारी दुपारी गर्दी असते, पावसात नाल्याजवळ कुठे खड्डा पाण्याखाली जातो. साताऱ्याकडचे एक काका होते, ते सासूबाईंना लांबून पाहिलं की गाडी बरोबर फुटपाथला चिकटवून उभी करायचे आणि त्या बसेपर्यंत हलवायचे नाहीत. नवीन मुलं वाईट नाहीत हो, नम्र आहेत, पण पहिले काही आठवडे एकाला कॉलनीत शिरायचं कुठून हेच ठाऊक नव्हतं, कंडक्टर पुढे उभं राहून "लेफ्ट घे, आता लेफ्ट" सांगत होता. स्टॉप सोडून पुढे जाऊन थांबतात, नाहीतर रस्त्याच्या मधेच थांबतात, आणि मग ती झुकणारी गाडी असून काय उपयोग, फुटपाथ दोन हात लांब राहतो आणि म्हातारं माणूस रस्त्यावर उतरून चढतं. शिवाय ही ऑटोमॅटिक गाडी आहे, इलेक्ट्रिकचा पिकअप एकदम असतो, पाय जरा जास्त पडला की उभी माणसं मागे फेकली जातात.

याला मी छोटी गोष्ट मानत नाही. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात ३३२ नंबरच्या इलेक्ट्रिक बसने गर्दीत माणसं चिरडली. ती पण ठेकेदाराचीच १२ मीटरची बस होती, आणि ड्रायव्हरला त्या गाडीचं ट्रेनिंग किती कमी मिळालं होतं याची तेव्हा बातम्यांत रोज चर्चा होती. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल. पण त्यानंतर तरी अनुभवी ड्रायव्हर हातचे जाऊ द्यायचे नाहीत एवढं सगळ्यांना कळायला हवं होतं.

त्या काकांना मी नंतर स्टेशनबाहेर भेटले, ते आता एका शाळेची बस चालवतात. म्हणाले, ताई, नव्या ठेकेदाराकडे गेलो होतो, पण पगार नवीन पोराएवढाच देत होते, आधीची वर्षं धरायला तयार नाहीत, मग कशाला जाऊ. जुन्या ठेकेदाराने तर बंद होणार हे पण नीट सांगितलं नव्हतं म्हणे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच भाड्याच्या बसच्या ड्रायव्हरांनी आठवडाभर संप केला होता, मागणी साधी होती, बेस्टच्या ड्रायव्हरांचंच काम करतो तर त्यांच्याएवढा पगार द्या. तेव्हा आमचे पण हाल झाले, पण मला ती मागणी तेव्हाही बरोबर वाटली होती आणि आता जास्तच वाटते.

लंडनमध्ये पण बसचे रूट टेंडरवर खासगी कंपन्याच चालवतात. पण तिथे रूट दुसऱ्या कंपनीकडे गेला की त्या रूटचे ड्रायव्हर साधारणपणे आहे त्या पगारासकट आणि नोकरीची वर्षं धरून नव्या कंपनीत जातात, त्यासाठी कायदाच आहे. आपल्याकडे टेंडरमध्ये ही एक अट टाकायला काय हरकत आहे? बेस्टने २०१९ मध्ये स्वतःच्या ३,३३७ बस ठेवायचं युनियनबरोबर मान्य केलं होतं, आज स्वतःच्या बस हजाराच्याही खूप खाली आल्यात. म्हणजे यापुढे ठेकेदार येणार आणि जाणार, दर वेळी रूट माहीत असलेली माणसं घालवून आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार का?

रेटिंग द्यायचं तर गाडीला ५ पैकी ५, वेळेला ३, आणि ड्रायव्हर बदलण्याच्या या पद्धतीला १, तो पण नवीन मुलं शिकायचा प्रयत्न करतायत म्हणून.

या प्रकारच्या बसने जाणार असाल तर दुपारी जरा वेळ हातात ठेवा आणि चलो अॅपवर बस कुठे आहे ते बघूनच घरातून निघा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन असाल तर ड्रायव्हरला हात करून "खाली घ्या" असं सांगा, सांगितलं की झुकवतात. स्टॉप सोडला किंवा रस्त्याच्या मधे उतरवलं तर गाडीचा नंबर, वेळ आणि स्टॉपचं नाव लिहून डेपोत तक्रार द्या, आणि त्यातच जुन्या ड्रायव्हरांना घ्या असंही लिहा, आमच्या कॉलनीतून आम्ही तसं सह्यांचं पत्र दिलंय.