फोर्ड ९ इंची ॲक्सलची दुरुस्ती आणि मागचे डिस्क ब्रेक : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी हलकी हॉट रॉड (जुनी गाडी बदलून वेगवान केलेली), इंजिन व्ही-८, मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या तेलावर दाब आणणारा) फ्लोअरखाली. पुढे ११ इंची डिस्क आधीपासून होत्या. मागे फोर्डचा ९ इंची ॲक्सल (मागची चाकं फिरवणारा शाफ्ट आणि गिअरचा संच) पूर्ण खोलून नव्याने बांधला आणि ड्रमच्या जागी ११ इंची डिस्क बसवली. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) एका पिस्टनचा, सरकता, हँडब्रेक त्यातच.

मागच्या डिस्कमुळे गाडी फार कमी अंतरात थांबेल, ही अपेक्षा ठेवू नका. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि बहुतेक काम पुढची चाकंच करतात. पुढे अजून ड्रम असतील तर पैसे आधी तिथे घाला. नाहीतर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होईल. मागे खरा फायदा होतो तो एकसारखेपणाचा. लांब उतारावर ब्रेक तापल्यावर किंवा पावसातून गेल्यावरही पेडल तसंच लागतं, आणि ड्रमसारखं लाइनर झिजले म्हणून शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) जुळवत बसावं लागत नाही.

आता ॲक्सल. १९५७ ते १९८६ या काळात बनलेल्या ९ इंचीत डिफरन्शियलचा (इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरचा) गोळा पुढून अख्खा बाहेर येतो, त्यामुळे क्राऊन-पिनियनचं (मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) काम टेबलावर करता येतं. सवय नसलेला मेकॅनिक हमखास चुकतो तो पिनियनच्या शिममध्ये (अंतर जुळवणारी पातळ चकती). बऱ्याच ॲक्सलमध्ये शिम जाड केला की पिनियन क्राऊनच्या जवळ जातो. ९ इंचीत शिम पिनियन सपोर्ट (पिनियनची बेअरिंग धरणारा भाग) आणि केस (गोळ्याचं कवच) यांच्यामध्ये बसतो, म्हणून जाड शिमने पिनियन लांब जातो. दातांवर रंग लावून छाप बघताना हे उलटं गणित डोक्यात पक्कं हवं. शिम बदलायला सपोर्ट काढला की त्याची ओ-रिंग नवीच टाकावी. जुनी केसच्या कडेला कापली जाते आणि तेल तिथूनच झिरपतं. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ८ ते १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवला. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला ताण) नव्या बेअरिंगवर १६ ते २८ इंच-पौंडांत असावा, जुनी बेअरिंग असतील तर ८ ते १४. नट जास्त आवळला गेला तर क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) गेली समजा. नट सैल करून प्रीलोड परत मिळत नाही, नवी स्लीव्हच लागते. गोळा हौजिंगला (ॲक्सलच्या बाहेरच्या आवरणाला) जोडताना नटांखाली तांब्याचे वॉशर घातले नाहीत तर स्टडच्या आट्यांतून तेल बाहेर येतं.

चाकाकडच्या बेअरिंगची जुनी कॉलर (बेअरिंग शाफ्टवर जागेवर धरणारी कडी) गॅसने तापवून काढू नये, शाफ्टचं टेंपर (पोलादाचा कणखरपणा) जातं. कॉलरला आरपार न जाणारं भोक पाडायचं आणि तिथे छिन्नी मारून ती फोडायची. बसवताना आधी रिटेनर प्लेट शाफ्टवर ओवायची, मग बेअरिंग प्रेसवर पूर्ण टेकवायचं आणि त्यानंतर कॉलर वेगळी दाबायची. दोन्ही एकदम दाबली तर सगळा जोर बेअरिंगमधून जातो.

या कामात सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो कॅलिपर ब्रॅकेटच्या जाडीला, आणि किटबरोबरच्या कागदावर नेमकी हीच गोष्ट नसते. ९ इंचीत सी-क्लिप (शाफ्ट आतल्या टोकाला अडकवणारी कडी) नाही. शाफ्ट आत धरून ठेवते ती रिटेनर प्लेट, बेअरिंगच्या बाहेरच्या रेसला (कडीला) दाबून. ड्रम असताना हौजिंगची फ्लँज आणि रिटेनर यांच्यामध्ये सुमारे १/८ इंचाची बॅकिंग प्लेट असते. तिच्या जागी १/४ इंचाचं ब्रॅकेट आलं की रिटेनर बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. शाफ्ट आत-बाहेर हलतो, वळणावर डिस्क पॅडला ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं. कॅलिपर स्थिर, चार पिस्टनचा असेल तर हा त्रास आणखी वाढतो. उलट, ब्रॅकेट फ्लँजच्या आतल्या बाजूला बसणारं असेल तर मधली प्लेटच नाहीशी होते, बेअरिंग जास्त बाहेर राहतं आणि रिटेनर वाकतो. तिथे स्पेसर लागतो. म्हणून सील बसवण्याआधी ब्रॅकेट लावून डेप्थ गेजने खोली मोजायची आणि ती बेअरिंगच्या रुंदीशी ताडायची. बेअरिंग अगदी थोडं वर हवं. हे जमल्यामुळेच आमच्या गाडीत वळणानंतर पेडल कधी बदललं नाही.

डिस्क चढवण्याआधी शाफ्टच्या फ्लँजवरचा रंग आणि गंज साफ करावा. सगळे नट आवळून डायल गेज लावलं तर रनआउट (फिरताना डिस्कचं डगमगणं) ५ थाऊच्या आत यायला हवा. ११ इंची डिस्कला सहसा १५ इंची चाक लागतं. डिस्कची टोपी (मधला, फ्लँजवर बसणारा भाग) ड्रमपेक्षा जाड असेल तर चाक थोडं बाहेर येतं, तेव्हा फेंडरला टायर लागतो का ते आधीच पाहावं.

हायड्रॉलिकमध्ये मास्टर सिलेंडर आधी तपासा. डिस्क-ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये मागच्या आउटलेटला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब कायम राखणारा) आतच असू शकतो. तो राहिला तर मागचे पॅड कायम घासतात आणि डिस्क तापून निळी पडते. तो काढून, मास्टर कॅलिपरच्या खालच्या पातळीला असल्याने, लाइनमध्ये २ पीएसआयचा टाकला. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा) नाही, म्हणून १ इंच बोअर आणि ६:१ चं पेडल. लाइन ३/१६ इंची, डबल फ्लेअर (टोकं दुहेरी दुमडून पसरलेली). एअर निघत नसेल तर कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल झालेत का ते बघा; ब्लीडर निपल (हवा काढायची तोटी) वरच हवं.

हँडब्रेकवाल्या कॅलिपरची एक खोड आहे. त्याचं आपोआप जुळणं हँडब्रेकच्या लिव्हरवर चालतं. हँडब्रेक वापरलाच नाही तर पॅड झिजत जातात, पिस्टन मागे राहतो आणि पेडल हळूहळू खाली जातं. लोक मग उगाच मास्टर बदलतात. गाडी उभी केली की दर वेळी हँडब्रेक ओढावा, आणि केबल सोडल्यावर लिव्हर स्टॉपवर पूर्ण परततो का ते हाताने पाहावं.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर जुळवला. ताशी ५० किमीवरून जोरात ब्रेक मारायचा आणि बाहेर उभ्या माणसाने चाकं बघायची. मागचं चाक आधी थांबलं तर मागचा दाब कमी करायचा. टायरची रुंदी बदलली की हे पुन्हा करावं लागतं.

वापरात एकदाच तक्रार आली. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओलावा दिसू लागला. सील नवं होतं, पण हौजिंगचा ब्रिदर (आतली हवा बाहेर जायची वाट) रंगाने बुजला होता. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते आणि वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलते. ब्रिदर मोकळा केल्यावर झिरपणं थांबलं. तेल पॅडमध्ये मुरलं असतं तर पॅड फेकावेच लागले असते, धुऊन ते कामाला येत नाहीत. सील बदलायला शाफ्ट उपसण्याआधी ब्रिदरमधून तोंडाने फुंकर मारून बघा, मिनिटाचं काम आहे.