शनिवारचा तास: वादविवाद की तत्त्वसंवाद?

शाळेत शनिवारी उपक्रमाचा एक तास मोकळा आहे आणि तो वादविवादाला द्यायचा की मुलांना गोलात बसवून तत्त्वचिंतनाला, म्हणजेच तत्त्वसंवादाला, हे ठरत नसेल, तर ठाण्यात दोन्ही जवळून पाहिलेल्या माणसाचं हे मत.

वादविवादाचे फायदे उघड आहेत. स्टेजची भीती जाते, उच्चार सुधारतात, आंतरशालेय स्पर्धेत ढाल आली की पालकही खूश. पण बाजू आधीच वाटून दिलेली असते. समोरच्याचा मुद्दा पटला तरी ‘पटलं’ म्हणायची सोय नाही. आणि वर्गातली ठरावीक चार-सहा मुलंच बोलतात, बाकीची टाळ्या वाजवतात.

तत्त्वसंवादाची रीत अमेरिकी तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांनी घडवली. तर्कशुद्ध विचाराची सवय कॉलेजात लावायला गेलं तर उशीर झालेला असतो, असं त्यांना वाटे. १९७४मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजात त्यांनी त्यासाठी संस्था काढली. रीत साधी आहे: एक गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनीच काढायचे, ते नावासकट फळ्यावर लिहायचे, त्यातला एक मतदानाने निवडायचा आणि त्यावर बोलायचं. बाई उत्तर देत नाहीत, मतामागचं कारण विचारतात.

पाचवीच्या एका वर्गात ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी बिबट्या दिसल्याची बातमी वाचली होती. मुलांनी निवडलेला प्रश्न: बिबट्या आपल्या वस्तीत आला की आपण त्याच्या? एक मुलगा म्हणाला, “जो आधी आला त्याची जागा.” एक मुलगी लगेच म्हणाली, “माझे बाबा साताऱ्याहून नंतर आले, मग त्यांची ठाण्यात जागाच नाही का?” मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे आधी येणं पुरत नाही. अजून काहीतरी लागतं.” बाईंनी एवढंच विचारलं, “काय लागतं?” आणि पुढची पंधरा मिनिटं वर्ग त्यावरच होता. वादविवादात त्या मुलाचे गुण कापले गेले असते.

मूल्यशिक्षणाच्या तासाशी तुलना फार लांबवत नाही. तिथे तात्पर्य आधीच ठरलेलं असतं आणि मुलांना ते पहिल्या ओळीतच कळतं.

मार्कांसाठी मात्र हा मार्ग धरू नका. इंग्लंडमध्ये ४८ शाळांत झालेल्या या रीतीच्या चाचणीच्या २०१५च्या अहवालात वाचन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली होती. पुढे झालेल्या मोठ्या चाचणीत वाचनातला तो फायदा आढळला नाही. वर्गात पन्नास-साठ मुलं असतील तर गोलही नीट होत नाही. अशा वेळी अर्धी मुलं आत बसून बोलतात, अर्धी बाहेरून ऐकत मुद्दे टिपतात आणि मग अदलाबदल. सतरंजी आणि फळा, एवढ्यावर भागतं.

माझा कौल: तिसरी ते सातवीला तत्त्वसंवाद, आठवीनंतर हवा तर वादविवाद. तोवर मुलांना मत बदलायची लाज वाटेनाशी झालेली असते. एक अट आहे. तास घेणाऱ्या शिक्षकाला गप्प बसता आलं पाहिजे. ठरवण्याआधी एका तासाला मागे बसून बघा: मुलं बोलताना एकमेकांकडे बघतात की दर वाक्याला सरांच्या चेहऱ्याकडे? दुसरं दिसलं, तर आधी त्या शिक्षकांना प्रशिक्षण द्या आणि तोवर वादविवादच चालू ठेवा.